झारीतले शुक्राचार्य

मोटारीच्या डॅशबोर्डवर जे लाल दिवे असतात त्यांतला तेलाच्या झारीचे चित्र असलेला दिवा सर्वांत मितभाषी. चावी फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू झाले की दोन-तीन सेकंदांत विझतो आणि मग वर्षानुवर्षे त्याची आठवणही कोणाला राहत नाही. पुढे एखाद्या मे महिन्यात, दिल्लीच्या आश्रम चौकात लाल सिग्नलला गाडी उभी असताना, तो मिणमिणू लागतो. ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला की विझतो. सिग्नल सुटतो, गाडी धावू लागते, दिवाही गप्प बसतो. संध्याकाळी गॅरेजमध्ये विचारावे तर तीन उत्तरे मिळतात. तेल कमी झाले असेल, लिटरभर ओता. सेन्सर गेला असेल, बदलून टाका. आणि तिसरे खास उत्तरेकडचे: ‘गाढ़ा मोबिल डलवा लो.’ कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे इकडे कोणत्याही कंपनीच्या इंजिन ऑइलला मोबिल म्हणतात. या तिन्ही उत्तरांपैकी एखादे कधीमधी बरोबरही निघते. पण तिन्ही सांगणाऱ्यांनी एक गोष्ट केलेली नसते: इंजिनमध्ये तेलाचा दाब नेमका किती आहे, हे मोजलेले नसते. दाब कमी असल्याची तक्रार आणि दाब कोणी मोजलेला नाही, असा हा विचित्र प्रकार आहे. दाबाचे तीन आकडे हातात आल्याशिवाय या दुखण्यावर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे म्हणणे आहे आणि ते का, हे या प्रकरणात मांडायचे आहे.

आधी तो दिवा काय सांगतो ते पाहू. झारीचे चित्र पाहून मनात तेलाची पातळी येते, हा त्या चित्राचा दोष. पातळी सांगण्याचे काम डिपस्टिकचे. दिव्याचा संबंध फक्त दाबाशी असतो आणि तोही अगदी ढोबळ. इंजिनच्या ब्लॉकवर, बहुधा ऑइल फिल्टरच्या आसपास, अंगठ्याएवढा एक स्विच आट्यांत बसवलेला असतो. त्याच्या आत एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग. दाब नसला की स्प्रिंग आतले दोन संपर्क जोडून धरते, स्विचची एकुलती एक वायर इंजिनच्या धातूला ‘अर्थ’ होते आणि दिवा लागतो. दाब आला की तो पडद्याला ढकलतो, संपर्क सुटतो, दिवा विझतो. हा संपर्क सुटतो तो साधारण 0.2 ते 0.5 बारच्या दरम्यान. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो, यावरून हा आकडा किती किरकोळ आहे हे लक्षात येईल. लहान पेट्रोल इंजिन तापलेले असताना आयडलिंगला एक बारच्या आसपास आणि मिनिटाला 3000 फेऱ्यांवर तीन ते चार बार दाब असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. नेमका आकडा ज्या-त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब कमी व्हायला सुरुवात झालेली नसते, तो जवळजवळ संपलेला असतो. दिवा बंद असणे ही तब्येत ठणठणीत असल्याची खूण नाही, आणि चालत्या गाडीत तो लागून राहणे ही गॅरेजपर्यंत दमादमाने जाण्याची परवानगी नाही. नोएडा-ग्रेटर नोएडा एक्स्प्रेसवेवर शंभराच्या वेगात तो लागला आणि विझला नाही, तर गाडी न्यूट्रलला घेऊन कडेला लावायची आणि इंजिन बंद करायचे. पुढे मिनिटांचा खेळ असतो. क्रेनचे पैसे जड वाटतात ते क्रँक बदलण्याचा अंदाज हातात पडेपर्यंतच.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, दहापैकी कितीतरी वेळा नुसता स्विचच बिघडलेला असतो, मग एवढा आटापिटा कशाला? स्विच बिघडतो हे खरे. त्यातून तेल झिरपते, पडदा फाटतो, उंदीर वायर कुरतडतात. पण स्विच काही शे रुपयांचा आणि इंजिन बांधणे लाखाच्या घरात जाणारे. ज्या जुगारात हरल्यास शेकडोपट जाते, तिथे ‘बहुतेक वेळा’ या शब्दावर पैसे लावत नाहीत. शिवाय स्विच खोटे बोलतो की नाही हे तपासायला अर्धा तासही लागत नाही, त्याकडे पुढे येऊच.

दाब पंप तयार करतो, ही समजूतही अर्धीच खरी आहे. पंप प्रत्येक फेरीला ठरावीक तेल ढकलतो, इतकेच. त्या तेलाला वाट काढताना जी अडवणूक होते तिच्यातून दाब उभा राहतो. गाझियाबाद किंवा नोएडाच्या वीस मजली सोसायटीत सगळ्या मजल्यांवरचे नळ एकदम उघडले की वरच्या घरात धार करंगळीएवढी होते. मोटर तीच असते, टाकीतले पाणीही तेवढेच. इंजिनमधले नळ म्हणजे क्रँकशाफ्टची मेन बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची बिग-एंड बेअरिंगे, कॅमशाफ्ट, चेनचा टेन्शनर आणि असलाच तर टर्बो. प्रत्येक ठिकाणी फिरणारा दांडा आणि बेअरिंग यांच्यात एक फट असते, मोटारीच्या इंजिनात साधारण दोन ते पाच शतांश मिलिमीटरची, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. तेल त्या फटीतून सतत बाहेर पडत राहते आणि तसे पडावे यासाठीच ती फट ठेवलेली असते.

या फटीत काय घडते हे पहिल्यांदा कळले ते एका भोकामुळे. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. 1883 साली त्याने आपला पहिला अहवाल दिला. वरून तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर चालू यंत्रात त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने बुचाने भोक बंद केले. बूच निघून आले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकली. शेवटी त्याने तिथे दाबमापक लावला, तर 200 पौंडांपर्यंत खुणा असलेल्या त्या मापकाचा काटा शेवटच्या खुणेपलीकडे गेला. त्या प्रयोगात पंप नव्हताच. फिरणारा दांडा तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि स्वतःला उचलून धरणारा दाब स्वतःच तयार करतो. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचे गणित मांडले. मोटारीतही हेच चालते. बिग-एंडवर स्फोटाचा धक्का झेलणारा थर शेकडो बार दाबाचा असतो. पंपाचे तीन-चार बार त्यापुढे काहीच नाहीत. पंपाचे काम फक्त पुरवठ्याचे, फटीतून जेवढे तेल निसटते तेवढे मागून पोचते करण्याचे. गेजवर दिसणारा दाब हा त्या पुरवठ्याचा ताळेबंद आहे. तो घसरला तर पुरवठा कमी झाला किंवा गळती वाढली, आणि या दोहोंवर उपाय एक नाही.

आता ‘गाढ़ा मोबिल’कडे येऊ, कारण खरा वाद जाड तेलाचाच आहे. फटीतून निसटणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट चार शतांशांवरून सहा शतांशांवर गेली, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन शतांशांनी वाढली, तर निसटणारे तेल दीडपट होत नाही. दीडचा घन, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट होते. आयडलिंगला पंप ठरावीकच तेल देत असल्याने दाब तेवढ्याच पटीत उतरतो. नव्या इंजिनात तापल्यावर 1.2 बार असेल तर झिजलेल्यात साधारण 0.35 उरेल, आणि स्विचच्या प्रकृतीनुसार दिवा मिणमिणू लागेल. आता 5डब्ल्यू-30 काढून 20डब्ल्यू-50 ओतले. 100 अंश तापमानाला पहिल्याचा चिकटपणा साडेदहाच्या आसपास सेंटिस्टोक्स आणि दुसऱ्याचा अठराच्या आसपास. म्हणजे पावणेदोन पटीच्या जवळपास. दाब 0.35 वरून 0.6 वर येईल. हिशेब कच्चा आहे, सगळी बेअरिंगे सारखी झिजत नाहीत. पण त्यातून जे दिसते ते पक्के आहे. दिवा विझला. इंजिनचा दाब मूळच्या निम्माच राहिला. आणि उद्या फट आणखी अर्ध्या शतांशाने वाढली तर ते सांगणारा साक्षीदार आता काही काळ तोंड उघडणार नाही.

जुना मेकॅनिक इथे थांबवून विचारेल, आणि त्याचा प्रश्न फेटाळण्यासारखा नाही: दिल्लीच्या उन्हात पातळ तेल टिकते तरी का? सफदरजंगला 29 मे 2024 रोजी 46.8 अंशांची नोंद झाली. अशा भट्टीत जपानच्या हवेसाठी ठरवलेले तेल कसे पुरेल? पण इंजिनच्या तेलाला बाहेरची हवा कळते ती फार गाळून. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा कूलंटला 90 अंशांच्या आसपास धरून ठेवतात आणि तेल त्याच्या मागेपुढे, साधारण 95 ते 110 वर राहते. कूलिंग नीट चालत असेल तर जानेवारीच्या धुक्यात 4 अंशांवर सुरू झालेले आणि जूनच्या दुपारी सुरू झालेले इंजिन अर्ध्या तासाने जवळजवळ एकाच तापमानाला येतात. तेलाच्या नावातला शेवटचा आकडा ठरतो तोही 100 अंशांवरच्या मोजमापाने. 30 म्हणजे 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक्स, 40 म्हणजे 12.5 ते 16.3, मग तो डबा पुण्यात उघडा की पालम विहारमध्ये. तेव्हा दिल्ली गरम म्हणून तेल जाड, हे गणित जुळत नाही. जुळते ते दुसरे: रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि पाने भरलेली, पंखा एकाच वेगावर अडकलेला, एसी चालू, गाडी सिग्नलवर उभी. तेव्हा तेल 120 च्याही पुढे जाऊ शकते आणि दाब पडतो. तिथे दुरुस्त करायचा असतो पंखा.

मग मोजायचे कसे? पहिली गोष्ट डिपस्टिक. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, पुसून, पुन्हा बुडवून. तेल किमान खुणेच्या खाली असेल तर आधी ते भरायचे आणि कुठे गेले ते शोधायचे. पण तेल कमाल खुणेच्या वर असेल, आणि आपण तर ओतलेले नाही, तर खूश होऊ नये. वाढलेल्या तेलात बहुधा इंधन मिसळलेले असते. कांडीचा वास घेतला की कळते. मिंटो ब्रिजखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर तेल दुधाळ झालेले असू शकते, आणि तसे ते दिसले तर इंजिन सुरू करूच नये. यानंतर स्विचची वायर काढायची आणि चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून पाहायचे. वायर मोकळी लोंबत असतानाही दिवा जळत राहिला तर ती वाटेत कुठेतरी सोलून धातूला टेकली आहे. ज्या गाड्यांत स्विचचा संदेश आधी कॉम्प्युटरकडे जातो त्यांत ही युक्ती नेहमी चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि मग मुख्य गोष्ट: स्विच काढून त्याच्या जागी साधा काट्याचा गेज लावायचा. काम सोपे, पण एका ठिकाणी हात आवरावा. जपानी वळणाच्या बहुतेक गाड्यांत हा स्विच एक अष्टमांश इंचाच्या निमुळत्या ब्रिटिश आट्यांचा असतो, इंचाला 28 आटे. कश्मीरी गेटच्या दुकानात त्याच मापाचे अमेरिकन आट्यांचे ॲडॅप्टरही मिळते. त्याला इंचाला 27 आटे. हातात धरून फरक दिसत नाही, पहिले दोन वेढे बसतातही, मग घट्ट लागते आणि पान्याने जोर दिला की ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे जातात किंवा कड तडकते. म्हणून पहिले तीन-चार वेढे बोटांनीच फिरले पाहिजेत. एवढे करण्याची गरज काय, असे वाटले तर दिल्लीचीच गोष्ट आठवावी. ज्या दिवशी सफदरजंगला 46.8 नोंदले गेले त्याच दिवशी मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश दाखवले आणि देशभर मथळे झाले. हवामान खात्याने तिथे प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून पाहिले तेव्हा तो सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले. खात्याने आकडा नाकारण्याआधी दुसरे यंत्र लावले. गॅरेजमध्येही क्रम तोच हवा.

गेज लागला की एक आकडा घेऊन थांबायचे नाही. सकाळी थंड इंजिनवर एक, वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून पूर्ण तापल्यावर आयडलिंगला दुसरा, आणि तापलेल्याच इंजिनवर 3000 फेऱ्यांना तिसरा. रोग या तिघांच्या नात्यात दिसतो. थंड असताना दाब भरपूर, तापल्यावर आयडलिंगला पार खाली, आणि फेऱ्या वाढवल्या की चढतो पण मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत पोचत नाही, हे गळतीचे लक्षण. तेल पातळ झालेले आहे किंवा फटी रुंदावल्या आहेत. पंप स्वतः झिजला असेल तरी चित्र असेच दिसते. इथे पहिला खर्च फक्त कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे तेल आणि अस्सल फिल्टर एवढाच करावा आणि पुन्हा मोजावे. आकडे सुधारले तर तेलच दोषी होते. नाही सुधारले तर चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचे तेलाचे भांडे, उतरवावा लागतो. एका बिग-एंडची कॅप काढली की बेअरिंगची वाटी हातात येते. तीन थरांच्या बेअरिंगमध्ये वरचा राखाडी थर जाऊन खालचे तांबे दिसू लागले असेल तर फार बोलायला नको. तरीही शंका असेल तर प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा मिळतो. दांडा कोरडा पुसायचा, धाग्याचा तुकडा आडवा ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळायची आणि दांडा न हलवता पुन्हा उघडायची. चपटा झालेला धागा पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी ताडून पाहिला की फट शतांश मिलिमीटरमध्ये कळते. दोन बोटांमधल्या त्या चेपलेल्या धाग्यावर हाफ इंजिन, म्हणजे इंजिनचा खालचा अर्धा भाग नव्याने बांधणे, करायचे की नाही हे ठरते. मेकॅनिकच्या छातीठोक बोलण्यावर ते ठरू नये.

याच्या उलट नमुना म्हणजे आयडलिंगला दाब बरा, पण फेऱ्या वाढवल्या की चढण्याऐवजी काटा थरथरतो आणि घसरतो. इथे गळती नाही, पंपाला वरच्या वेगात तेलच मिळत नाही. चेंबरच्या तळाशी पंपाच्या नळीच्या तोंडावर एक जाळी असते. तिच्यावर जळक्या तेलाचा डांबरासारखा गाळ बसलेला असतो. इथे खरोखरच झारीच्या तोंडात शुक्राचार्य बसलेला आहे. याची एक खूण पक्की: गाडी पाच-दहा मिनिटे बंद ठेवली की ओढ थांबल्याने गाळ जाळीवरून सुटून खाली पडतो, पुन्हा सुरू केल्यावर सगळे व्यवस्थित वाटते आणि काही किलोमीटरांवर दिवा परत लागतो. गोष्टीतल्या वामनाने दर्भाची काडी खुपसली आणि झारी वाहती झाली. गॅरेजमध्ये त्या काडीच्या जागी ‘इंजिन फ्लश’ची बाटली सुचवली जाते. गाळ थोडा असेल तर ती चालते. जाळी आधीच अर्धी बुजलेली असेल तर भिंतीवरचा उरलेला गाळही सुटून तिथेच येऊन बसतो. चेंबर उतरवून जाळी धुणे कटकटीचे, पण खात्रीचे. चेंबर उतरवण्याआधी खाली वाकून त्याचा तळही पाहावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलाईदार असायला हवा. कॉलन्यांच्या फाटकांशी रहिवाशांनी स्वहस्ते घातलेले उंचवटे पाहता या सूचना तिथवर पोचलेल्या दिसत नाहीत. बुटक्या गाडीचा पत्र्याचा चेंबर त्यावर आपटून आत चेपला की तळ जाळीला जाऊन टेकतो. तेल भरलेले, पंप चांगला, जाळी स्वच्छ, आणि तरीही पंप उपाशी.

आणखी दोन नमुने थोडक्यात. सकाळी सुरू केल्यावर दिवा विझायला पाच-सहा सेकंद लागतात, तेवढा वेळ वरून खडखड येते आणि मग दिवसभर काही नाही, असे असेल तर रात्री फिल्टर रिकामा होत असतो. तेल परत ओघळू नये म्हणून फिल्टरच्या तोंडाशी रबराची झडप असते. ती कडक झाली की हे होते, आणि बनावट फिल्टरमध्ये ती नावापुरतीच असू शकते. बनावट तेल आणि सुट्या भागांवर दिल्ली-गाझियाबाद पट्ट्यात वेळोवेळी छापे पडतात, तेव्हा स्वस्त फिल्टर उघडून पाहण्याची सवय वाईट नाही. दुसरा नमुना: दाब कोणत्याही वेगाला एका ठरावीक खालच्या पातळीवर अडून राहतो. पंपाजवळची, जादा दाब सोडून देणारी रिलीफ झडप कचऱ्याच्या कणाने उघडी अडकलेली असते. झडप साफ करून भागणाऱ्या या दोषापायी अख्खे इंजिन खोलले जाते, ते कोणी मोजत नाही म्हणूनच.

दिल्लीच्या परिसरात ही दुखणी लवकर दिसतात, आणि त्याचे कारण उन्हापेक्षा घड्याळात जास्त आहे. तेल बदलायचे किलोमीटरवर, पण ते झिजते तासांवर. सरासरी ताशी 60 किलोमीटरने 10,000 किलोमीटर म्हणजे 167 तास. ताशी 20 ने तेच अंतर 500 तासांचे. द्वारका ते कनॉट प्लेस रोज रेंगाळणाऱ्या गाडीच्या मीटरवर दोन्ही सारखेच दिसतात. मॅन्युअलमध्ये ‘खडतर वापर’ म्हणून जो वेगळा, आखूड मुदतीचा तक्ता असतो तो अशा गाड्यांसाठीच, आणि तो कोणी वाचत नाही. सीएनजीच्या गाड्यांत फसवणूक वेगळी. 1998 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्ली गॅसवर आली. गॅसच्या ज्वलनात काजळी नसल्याने तेल महिनोन् महिने मधासारखे स्वच्छ दिसते आणि मालक बदलणे लांबवतो. पण गॅसच्या इंजिनात तेलाचे नायट्रेशन होते, काळे न पडताच ते चिकट होत जाते आणि गाळ धरते. रंग पाहून तेलाची परीक्षा करणाऱ्यांनी सीएनजीपासून सावध राहावे. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांचा प्रश्न त्याच्याही उलटा. त्यांच्या धुराड्यातला काजळीचा फिल्टर मधूनमधून तापवून जाळावा लागतो, त्यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात. मोकळ्या रस्त्यावर हे काम वीसेक मिनिटांत पुरे होते. गर्दीत ते पुनःपुन्हा अर्धवट सुटते, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरते, आणि कांडीवर तेल वाढत असताना दाब घटत जातो. अशा गाडीत जाड तेल ओतणे म्हणजे दुधात पाणी घालणाऱ्याला न पकडता जास्त साईचे दूध घेण्यासारखे.

एक आक्षेप नव्या गाड्यांच्या बाजूने येतो: आता स्कॅनर सगळे सांगतो, काट्याचा गेज कशाला? पुष्कळ गाड्यांत स्कॅनरला कळतो तोही त्याच स्विचचा ‘हो’ किंवा ‘नाही’. ज्यांत दाबाचा खरा सेन्सर आहे त्यांत पडद्यावर आकडा येतो हे खरे, पण तो सेन्सरचा आकडा आहे, आणि संशय सेन्सरवरच असताना त्याचीच साक्ष काढण्यात अर्थ नाही. उलट नव्या इंजिनांत आणखी एक गुंता आहे. इंधन वाचवण्यासाठी काहींत दोन पातळ्यांवर चालणारा पंप असतो. कमी भारावर तो मुद्दाम दाब खाली ठेवतो. तिथे 1500 फेऱ्यांना दिसलेला कमी आकडा बिघाड नसून रचना असू शकते. मॅन्युअल न उघडता गेज लावणेही तेव्हा पुरेसे नाही.

शेवटचा आक्षेप पैशांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्या एनसीआरमध्ये चालवायच्या नाहीत, हा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2018 रोजी लागू करायला लावला; ऑगस्ट 2025 मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करण्याला तात्पुरता लगाम घातला. नियम पुढेमागे होत राहील. पण तेरा वर्षांच्या पेट्रोल गाडीचा मालक विचारणारच की, हिच्यावर पाऊण लाख घालून हाफ इंजिन कशाला करू? न करावे, हेही उत्तर असू शकते. जाड तेलाने झिजलेल्या बेअरिंगमधला थर खरोखर थोडा जाड होतो. जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हवामानानुसार 40 किंवा 50 ची मुभाही दिलेली आढळते. हळू चालणाऱ्या, भार न ओढणाऱ्या म्हाताऱ्या इंजिनाला ते दोन वर्षे पुरेल. माझा विरोध जाड तेलाला नाही, आंधळेपणाने ओतलेल्या जाड तेलाला आहे. तापल्यावर आयडलिंगला 0.6 आणि 3000 ला अडीच बार मिळत असतील, कांडीवर इंधनाचा वास नसेल आणि जाळी साफ असेल, तर 20डब्ल्यू-50 हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. जाळी बुजलेली असताना तेच तेल घातले तर ते त्या जाळीतून आणखी कष्टाने जाते, थंड सकाळी तर पंपापर्यंत पोचायलाच वेळ लावते, आणि जे इंजिन दोन हजारांच्या साफसफाईत वाचले असते ते मायापुरीच्या भंगारात तोलून जाते.

जाड तेलावर गाडी चालवायची ठरली तर तिन्ही आकडे, तारीख, तेलाचा ग्रेड आणि मीटरवरचे किलोमीटर सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवावेत, आणि गेजच्या जागी स्विच परत बसवताना तो नवा बसवावा. पुढच्या मे महिन्यात त्याच मेकॅनिककडे, तेवढीच गाडी तापवून, पुन्हा गेज लावायचा आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी मांडायचा. 0.6 चे 0.5 झाले असेल तर गाडी अजून एक उन्हाळा काढील. 0.4 झाले असेल तर दिवा लागण्याची वाट न पाहता गिऱ्हाईक शोधायला लागावे, आणि त्याला ते पान दाखवावे.